आष्टीच्या मैदानावरचा गडी

बबनरावांचा फोन आला तेव्हा इरशाद मालिकेच्या सेटवर, खोट्या किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे बसून चहा पीत होता. पोत्यांत भुसा भरलेला, बरण्यांतल्या गोळ्या प्लास्टिकच्या, तेवढा चहा खरा. चार वर्षं तो ह्या मालिकेत दुकानदार होता. आठवड्यातून दोनदा नायिका साखर घ्यायला यायची आणि तो उधारीवरून एक विनोद करायचा.

बबनराव म्हणजे आष्टीकडचे पुढारी आणि इरशादचा जुना जोडीदार अमरसिंह ह्याचे सख्खे मामा.

"इरशादभाई, आमचा भाचा आमदारकीला उभा राहतोय, तुमाला ठाऊकच असंल," बबनराव म्हणाले. "दसऱ्याच्या आधी आष्टीत जंगी कार्यक्रम ठेवलाय. दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातेत, मग ऐकायला कोण उरतंय? तुमी दोघांनी एकदा 'पाटील आणि गडी' करावं, अशी लोकांची लई इच्छा हाय. अमरचीबी."

इरशादनं कपात राहिलेला चहा संपवला. मग अमरसिंहच्या आईबद्दल विचारलं, "जानकीकाकू येणार हायेत का?"

"आक्का? तिचे गुडघे गेलेत आता. घराबाहेर पडत न्हाई ती."

"त्यांना आणा. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध बसवा. त्या असतील तर मी येतो."

बबनरावांचा आवाज एकदम भरून आला. "जुनं खाल्लेलं आठवणारी माणसं राहिली न्हाईत हो. आणतो. खुर्चीसकट उचलून आणतो."

फोन ठेवून इरशादनं दुसरा चहा मागवला. नऊ वर्षं तो ह्या फोनची वाट बघत होता.

*

इरशाद नेकनूरचा. त्याचे अब्बा ख्वाजा मिस्त्री. रस्त्याकडेला त्यांचं गॅरेज होतं. जीप, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे यायचं. अमरसिंह आष्टी तालुक्यातला, चाळीस एकरवाल्या घरातला. दोघं अंबाजोगाईच्या कॉलेजात एका खोलीत पडले आणि पहिल्याच गॅदरिंगला त्यांनी एक नक्कल बसवली. अमरसिंह पाटील, इरशाद गडी. पाटील घरात लपलेला आहे आणि दारात वसुलीला माणूस आलाय, एवढीच गोष्ट.

"सांग त्याला, पाटील घरी नाहीत."

"सांगितलं जी. त्यो म्हनतो, कवा येतील?"

"सांग, ठाऊक नाही."

"सांगितलं जी. त्यो म्हनतो..." इथं इरशाद थांबायचा. खांद्यावरचा पंचा काढायचा, कपाळ पुसायचा, दाराकडे बघायचा, पाटलाकडे बघायचा. लोक आधीच खुदखुदायला लागायचे. "...म्हनतो, आत जाऊन पाटलांनाच इचारून ये."

सभागृह कोसळायचं. आणि त्या हशाच्या बरोबर माथ्यावर अमरसिंह डोळे वटारून विचारायचा, "मग? इचारलंस का न्हाई?" की दुसरा हशा पहिल्याहून मोठा.

ते माथ्यावर बोलणं अमरसिंहला कधीच आपलं आपण जमलं नाही. त्याच्याकडे मिशी होती, धिप्पाड अंग होतं, विहिरीतून आल्यासारखा आवाज होता. पण कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं हे त्याला कळत नसे. म्हणून इरशादनं युक्ती काढली होती. त्यानं पंचा झटकून खांद्यावर टाकला, की पाटलानं बोलायचं. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. ही गोष्ट दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती.

त्या दिवसांत अमरसिंहच्या आई, जानकीबाई, दर आठवड्याला एसटीनं डबा पाठवायच्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दोघांचं एकाच फडक्यात. एकदा इरशादला कावीळ झाली तेव्हा त्या स्वतः येऊन खोलीत पंधरा दिवस राहिल्या होत्या. ताक पाजायच्या, ओरडायच्या. इरशादची अम्मी तो लहान असतानाच गेलेली. त्यानं जानकीबाईंना कधी आई म्हटलं नाही, काकूच म्हटलं. पण ईदला पहिला सलाम अब्बांना आणि पहिला फोन काकूंना, हे ठरलेलं होतं.

कॉलेजनंतर दोघं मुंबईला गेले. टीव्हीवर जोड्यांची विनोदी स्पर्धा होती, त्यात दुसरे आले. मग दुसऱ्या वाहिनीवर आठवड्याचा कार्यक्रम मिळाला. नकला इरशाद लिहायचा आणि पडद्यावर 'संकल्पना' म्हणून नाव अमरसिंहचं यायचं. मग सिनेमा. पहिल्याच्या पोस्टरवर दोघं शेजारी होते. दुसऱ्याच्या पोस्टरवर इरशादचा एक खांदा होता. तोवर सेटवर सगळे अमरसिंहला 'दादा' म्हणायला लागले होते. एके दिवशी इरशादनं सवयीनं "ए अमऱ्या" अशी हाक मारली, तेव्हा मॅनेजर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, चारचौघांत जरा सांभाळून.

तिसऱ्या सिनेमात ती थोबाडीत आली.

प्रसंग साधा होता. पाटील चिडतो, गड्याला एक ठेवून देतो. असं मारणं खोटं असतं. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो, खाणारा मान फिरवतो, आवाज नंतर भरतात. सात वेळा शॉट झाला. अमरसिंहचा हात दर वेळी लवकर तरी यायचा नाहीतर उशिरा. युनिटमधलं कुणीतरी हसलं. आठव्या वेळी अमरसिंहनं जीव खाऊन मारली. इरशादची मान फिरायच्या आत.

कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. इरशाद खाली बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता. तो तोंडावरचा भाव, ती गोंधळलेली नजर कुठल्या नटाला करून दाखवता आली नसती. शॉट सिनेमात राहिला. कानाचा पडदा फाटला होता. डाव्या बाजूनं पुढं त्याला जेमतेमच ऐकू यायचं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर इरशाद विसरलाही असता. सेटवर हातपाय मोडतात, माणसं भाजतात, चालतं. पण सिनेमा चालला, तो तुकडा मोबाइलवर फिरला आणि एका मुलाखतीत अमरसिंहला विचारलं, दादा, ती खरीच मारली होती का? अमरसिंह मिशीवर बोट फिरवत म्हणाला, "अहो, मी कुठला मारतोय? हाच म्हणाला, दादा, खरं मारा, त्याशिवाय मजा न्हाई. माझ्या पाया पडला हो. कलावंत म्हणजे असा." शेजारी इरशाद बसलेला. त्याच आठवड्यात चौथ्या सिनेमाची बोलणी चालू होती. सूत्रसंचालिकेनं विचारलं, "खरंच?" आणि इरशादनं मान डोलावली.

मग ती कहाणी प्रत्येक मुलाखतीत आली. दर वेळी तिच्यात थोडी भर पडायची आणि दर वेळी इरशाद मान डोलवायचा. लोक त्याचं कौतुक करायचे. लग्नाकार्यात पोरं मोबाइल लावून जवळ यायची आणि म्हणायची, "भाई, एक थोबाडीत मारू का? व्हिडिओ करायचाय."

त्या वर्षी तो बकरी ईदला नेकनूरला गेला, तेव्हा अब्बा एका जीपखाली होते. त्याचे पाय दिसले तसे ते सरकत बाहेर आले आणि तसेच पाठीवर पडून, हातात पाना धरून त्यांनी विचारलं, "टीवी पे वो बोल्या, सच है क्या? तूच बोल्या था, मार करके?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण खरं सांगितलं तर अब्बा विचारणार, मग तू मान का डोलावलीस? इरशाद म्हणाला, "हौ, अब्बा."

ख्वाजा मिस्त्रींनी हातातला पाना फडक्यानं पुसला. मग म्हणाले, "पेट के लिए मार खाना अलग है बेटा. मांग के खाना अलग." आणि पुन्हा जीपखाली सरकले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मधल्या काळात त्यांनी मुलाशी सगळं बोलणं केलं, शेताचं, घराच्या पत्र्यांचं, सुनेच्या तब्येतीचं. त्याच्या कामाबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. चौथा सिनेमा इरशादला मिळालाच नाही. अमरसिंहनं दुसरा गडी घेतला, तो सिनेमा पडला, मग अमरसिंह एका कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला. इरशादच्या वाट्याला वॉचमन आले, बँडवाले आले, शेवटी हा दुकानदार.

अब्बांना दफन करून घरी आल्यावर त्यानं मेहेकला, आपल्या बायकोला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. मेहेक म्हणाली, "आता सोडून द्या." तो म्हणाला, "माझा बाप मला भिकारी समजून गेला." ह्यापुढं तो विषय त्यानं घरात काढला नाही. मनात मात्र रोज काढला. एखादा माणूस आवडता पदार्थ थोडा थोडा खातो तसा.

*

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता. दुपारी बबनरावांच्या बंगल्यावर तालीम झाली. अमरसिंह आता अंगानं सुटला होता, मिशीला कलप होता, पांढऱ्या सदऱ्यावर पक्षाचं उपरणं होतं. त्यानं इरशादला कडकडून मिठी मारली.

"इर्शा, लेका! दहा वर्षं स्टेजवर उभा न्हाई राहिलो. घाम फुटलाय बघ."

"कावून घाबरता दादा? मी हाय ना," इरशाद म्हणाला.

तालमीत त्यानं सगळं चोख केलं. प्रत्येक थांबा जागेवर, प्रत्येक झटका वेळेवर. बघायला जमलेले कार्यकर्ते पोट धरून हसले. अमरसिंहचा घाम सुकला. "बघा," तो स्थानिक पत्रकाराला म्हणाला, "हा मला देवानं दिलेला माणूस. ती थोबाडीत आठवते ना? हाच पाया पडला होता, खरं मारा म्हणून."

पत्रकारानं इरशादकडं बघितलं. सकाळपासून इरशादच्या मनात कुठंतरी, काकूंच्या विचारानं, थोडी चलबिचल होत होती. ती तिथंच संपली. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "संध्याकाळी बघा तुमी. लिहायला लई मिळंल."

मैदान खच्चून भरलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं बायकापोरांसकट आली होती, झाडांवर पोरं चढलेली. पहिल्या रांगेत मधोमध जानकीबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर काठी आडवी. इरशाद खाली उतरून त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याचे दोन्ही गाल हातात धरले. "वाळलास रे लेकरा," त्या म्हणाल्या. "ख्वाजाभाई गेले तवा मला येता आलं न्हाई. मनात राहून गेलं." इरशादनं त्यांच्या मांडीवरची काठी नीट केली. तो वर गेला.

पडदा उघडला. पाटील खुर्चीत, गडी उभा. मैदानानं शिट्ट्यांनी स्वागत केलं.

"सांग त्याला, पाटील घरी नाहीत."

"सांगितलं जी. त्यो म्हनतो, कवा येतील?"

"सांग, ठाऊक नाही."

"सांगितलं जी. त्यो म्हनतो, आत जाऊन पाटलांनाच इचारून ये." इरशाद हे एका दमात बोलून गेला, बाजाराची यादी वाचावी तसं. लोक हसायला तोंड उघडून बसले होते, ते तसेच राहिले.

अमरसिंह पंच्याकडे बघत होता. पंचा खांद्यावरच होता. एक क्षण गेला, दोन गेले, पाच गेले. शेवटी त्यानं घाईघाईनं विचारलं, "मग? इचारलंस का न्हाई?" पुढच्या दोघातिघांनी उपकार म्हणून हसून दिलं.

आणि तिथून पुढं वीस मिनिटं इरशादनं एकही शब्द चुकवला नाही. कुणालाही बोट दाखवता येणार नाही असं त्यानं सगळं म्हटलं, फक्त प्रत्येक वाक्य अर्धा श्वास आधी किंवा अर्धा श्वास नंतर. जिथं हसू उगवणार तिथं तो बोलायचा आणि जिथं बोलायचं तिथं गप्प राहायचा. पंचा एकदाही हलला नाही. अमरसिंह दोनदा त्याच्या वाक्यावरच बोलला, एकदा विसरला, एकदा पुढचंच वाक्य म्हणाला. मागून आवाज आला, "ओ आमदार, झोपलात काय!" त्यावर मात्र मैदान हसलं.

ते ऐकून इरशादला जे वाटलं ते कुठल्याच हशानं आजवर वाटलं नव्हतं.

अमरसिंह जवळ सरकला आणि माइकवर तळवा दाबून, ओठ न हलवता पुटपुटला, "काय करायलास बे? ऐकू येत न्हाई का?"

"सगळं ऐकू येतंय," इरशाद तसाच म्हणाला.

मग अमरसिंहनं शेवटचा आधार पकडला. थोबाडीत. तिला लोक हसणारच. त्यानं मधली चार वाक्यं गाळली, गर्रकन वळला आणि हात फिरवला. स्टेजवर अशा वेळी गड्यानं मान फिरवायची आणि कमरेशी स्वतःच्या हातांची टाळी द्यायची, म्हणजे आवाज होतो. इरशादनं मान फिरवली नाही. टाळी दिली नाही. तो खांबासारखा उभा राहिला आणि पाटलाचा हात त्याच्या नाकासमोरून माशी हाकलावी तसा निघून गेला. आवाज नाही, काही नाही. अमरसिंहचा तोल गेला, तो खुर्चीला धडकला.

मैदान फुटलं. झाडांवरची पोरंसुद्धा हसत होती. आणि सगळे अमरसिंहला हसत होते.

इरशादनं कॉलरचा माइक तोंडाजवळ ओढला. हसणं ओसरेपर्यंत थांबला. थांबायचं कसं हे त्याला चांगलं माहीत होतं.

"दादा, सिनेमातल्यासारखी लागली न्हाई," तो म्हणाला. "ती खरी होती. तुमी सगळ्यांनी बघितली. ह्या कानाचा पडदा गेला तिच्यात. आणि दादा सांगतेत, मीच पाया पडून म्हणालो, खरं मारा. मीबी इतकी वर्षं मान डोलावली. पोटासाठी डोलावली, खोटं न्हाई बोलत. माझा बाप तेच खरं धरून मेला." मग तो अमरसिंहकडे वळला. "अमऱ्या, तुझी आई समोर बसलीय. तिची शपथ घे आणि सांग ह्यांना. म्हणालो होतो का मी?"

अमरसिंह हसायला गेला. "गंमत करतोय हा. नाटकातच हाय हे." आवाज चिरकला.

"शपथ घे. मग मी सगळ्यांपुढं तुझे पाय धरतो."

अमरसिंहनं खाली बघितलं. जानकीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा तो इकडंतिकडं बघायला लागला. तीन हजार माणसं गप्प होती आणि त्या शांततेत त्याच्या माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी बबनरावांनी धावत येऊन पडदा ओढायला लावला.

*

मागच्या बाजूला कार्यकर्ते इरशादच्या अंगावर आले, पण जानकीबाईंची खुर्ची तिथं आणली गेली आणि सगळे बाजूला झाले. बबनराव सांभाळून घ्यायला म्हणाले, "आक्का, कानाचा त्रास हाय त्यांना. गोंधळ झाला."

"गोंधळ न्हाई झाला," इरशाद म्हणाला.

जानकीबाईंनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला पुढं तूच बसवायला लावलंस व्हय?"

"हो, काकू."

"त्यानं केलं ते वाईटच केलं. तुला त्याला चारचौघांत हाणायचं होतं, हाणायचंस. मी धरलं नसतं तुला." त्या थांबल्या. "मला कावून बसवलंस रे?"

इरशादकडे उत्तर होतं. माझ्या बापापुढं मी उतरलो तसं त्यानं आपल्या आईपुढं उतरावं, एवढंच होतं ते. पण पंधरा दिवस ताक पाजणाऱ्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून ते त्याच्या ओठावर आलं नाही. जानकीबाईंनी खुर्ची उचलायला सांगितलं. त्यांनी मुलाकडंही बघितलं नाही आणि ह्याच्याकडंही पुन्हा वळून बघितलं नाही.

मेहेक मागच्या रांगेत बसून सगळं बघत होती; घरी येताना गाडीत तिनं विचारलं, "मिळालं का समाधान?"

"मिळालं," तो म्हणाला. ते खरं होतं. काकूंचं वाईट वाटत होतं, तेही खरं होतं. दोन्हींना एकमेकांशी काही घेणंदेणं नव्हतं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ जिल्हाभर झाला. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. मालिकेवाल्यांनी दुकानदाराला गावी पाठवून दिलं, म्हणजे कथेत. आणि इरशादही खरोखरच नेकनूरला येऊन राहिला. अंबाजोगाईच्या दोन कॉलेजांत तो पोरांची नाटकं बसवायला लागला. ईदला त्यानं जानकीबाईंना फोन लावला. घंटा पूर्ण वाजली आणि बंद झाली.

तीन महिन्यांनी मुंबईहून एका निर्मात्याचा फोन आला. तुमचं भांडण लोकांना आवडलंय, दोघांना घेऊन नवा कार्यक्रम करायचाय, अमरसिंह दादा तर लगेच तयार झाले, म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ.

"त्यांना म्हणावं, मी न्हाई विसरलो," इरशाद म्हणाला. "त्यांनी एकट्यानं उभं राहावं."

कार्यक्रम आला. अमरसिंहच्या जोडीला एक नवा, चुणचुणीत नट होता. रोज दुपारी त्याचं पुनःप्रक्षेपण लागायचं आणि रोज इरशाद जेवण आटोपून टीव्हीजवळ सरकून बसायचा. उजवा कान पडद्याकडे करून. अमरसिंह दर वेळी लवकर तरी बोलायचा नाहीतर उशिरा. मग संकलक वरून हशा टाकायचे, एकसारखा, मोजून कापलेला.

"पुरे आता, बंद करा ते," मेहेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकं वाईट हाय तर बघता कशाला?"

"थांब," इरशाद म्हणाला, "अजून अर्धा तास हाय," आणि त्यानं आवाज वाढवला.